मरणोत्तर दान आणि संशोधन : देहदानाच्या अर्जामागचा इतिहास

ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई या पट्ट्यात देहदानाचा अर्ज ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. डोंबिवलीत दधीचि देहदान मंडळ बऱ्याच वर्षांपासून हेच काम करत आलं आहे. अर्ज भरणाऱ्याची इच्छा साधी असते : आपल्यामागे हा देह कुणाच्या तरी उपयोगी पडावा. पण हा उपयोग तीन प्रकारचा असतो. अवयव दुसऱ्या रुग्णाला बसवता येतात, देह वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी देता येतो, किंवा अवयव आणि ऊती आजारांच्या अभ्यासासाठी ठेवता येतात. पहिल्या दोन दानांबद्दल सगळे बोलतात. तिसरं मात्र बाजूला राहतं, आणि त्याची कारणं बरीच जुनी आहेत.

मृतदेहाचा अभ्यास आपल्याकडे परका नव्हता. सुश्रुताने त्याची रीतच सांगितली आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचा देह घ्यावा, गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा, वाहत्या पाण्यात सात रात्री राहू द्यावा आणि मग वाळ्याच्या, बांबूच्या कुंच्याने एकेक थर घासत आतलं पाहावं. पुढे ही परंपरा खंडित झाली. 1836 मध्ये कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा तो मोठा सामाजिक प्रसंग ठरला. 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि इथेही देहांची गरज निर्माण झाली.

हे देह येणार कुठून? ब्रिटनला हा प्रश्न आधीच पडला होता. 1828 मध्ये एडिनबरात बर्क आणि हेअर या दोघांनी माणसं मारून त्यांचे देह शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टरला विकल्याचं उघड झालं. 1832 च्या ब्रिटिश कायद्याने त्यावर तोड काढली ती अशी, की ज्यांच्यावर हक्क सांगायला कुणी नाही, असे देह महाविद्यालयांना मिळावेत. व्यवहारात याचा अर्थ गरिबांचे देह असा झाला. स्वतंत्र भारतात, मुंबई प्रांतात 1949 चा शरीररचनाशास्त्र कायदा आला, तोही आधी बेवारस देहांपुरताच होता. म्हणजे या विद्येची सुरुवातीची शिदोरी ज्यांना कुणी विचारलंच नाही अशांनी पुरवली. देहदानाचं कौतुक करताना त्यांची आठवण ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आपल्या भागात धास्तीचं आणखी एक कारण होतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घरझडती, रुग्णांना जबरदस्तीने हलवणं, मृतदेहांची तपासणी हे सगळं सरकारी हुकमाने झालं. पुढच्याच वर्षी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागचा संताप याच वागणुकीचा होता. सरकारी माणसाने घरच्या मृताला हात लावणं ही बाब त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या कडूच राहिली असेल, तर त्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणं अन्यायाचं आहे.

पुढे राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन स्वेच्छेने दिलेल्या देहांना आणि देहाच्या भागांना जागा मिळाली. शिक्षणाबरोबर संशोधनही त्यात आलं. नामवंतांनीही वाट दाखवली. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी आपला देह काकीनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजला दिला. ते 1964 मध्ये गेले. 2010 मध्ये ज्योती बसू आणि हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख, दोघांचेही देह वैद्यकीय संस्थांना देण्यात आले.

1994 मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यामागे मुख्य चिंता मूत्रपिंडांच्या बाजाराची होती. मेंदूमृत्यूला, म्हणजे हृदय चालू असूनही मेंदूचं काम कायमचं थांबण्याला, कायदेशीर मान्यता मिळाली, आणि 2011 च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. पण हा कायदा रुग्णावर उपचार करण्यासाठी आहे. त्यामुळे प्रत्यारोपणाचं कार्ड जवळ ठेवलं की संशोधनासाठीही संमती दिली, असं होत नाही.

संमती इतकी महत्त्वाची का, हे परदेशातल्या दोन प्रकरणांनी जगाला शिकवलं. 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. त्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. तिच्या वारसांची एका कंपनीशी तडजोड झाली ती थेट 2023 मध्ये. दुसरं प्रकरण लिव्हरपूलच्या आल्डर हे रुग्णालयाचं. तिथे मृत बालकांचे अवयव आईवडिलांच्या नकळत ठेवून घेतले होते. त्यानंतर ब्रिटनने 2004 मध्ये नवा कायदा केला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. साठवलेल्या ऊतींवर संशोधन करण्यासाठी संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते, असं ती सांगतात.

आता आपल्या परिसराकडे. कळव्याचं महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, नेरूळची डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याचं एमजीएम, ही सगळी 1989 पासूनच्या काही वर्षांत उभी राहिली. या महाविद्यालयांमुळे देह देण्यासाठी दर वेळी मुंबई गाठायची गरज उरली नाही. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. त्वचा मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावी लागते आणि भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर ती तात्पुरतं आवरण म्हणून वापरतात. हे दान उपचारासाठी आहे, संशोधनासाठी नाही. खारघरला टाटा कर्करोग रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या ऊतींवर संशोधन चालतं. मात्र अशा संशोधनासाठी लागणाऱ्या ऊती मुख्यतः शस्त्रक्रियेत जिवंत रुग्णांच्या संमतीने मिळतात.

मरणोत्तर दानाशिवाय ज्याचा अभ्यास जवळपास अशक्य, असा अवयव म्हणजे मेंदू. पार्किन्सन, अल्झायमर यांसारख्या आजारांत पेशींचं नेमकं काय होतं हे स्कॅनमध्ये पुरतं दिसत नाही. शिवाय तुलनेसाठी निरोगी मेंदूही लागतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेतली मेंदूपेढी 1995 पासून हे काम करते आहे. अडचण वेळेची आहे. मेंदू काही तासांतच काढून जतन करावा लागतो आणि बंगळुरू ठाण्याहून सुमारे हजार किलोमीटरवर आहे.

म्हणून घरी अर्ज आणला की सही करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात फोन करून काही गोष्टी विचाराव्यात. देह फक्त विच्छेदनासाठी वापरणार की संशोधनासाठीही? काही भाग वेगळा जतन करणार का? नेत्रदान आधी झालं तर देह घेणार का? बहुतेक ठिकाणी घेतात, पण इतर अवयव काढलेला किंवा पोलीस प्रकरणात शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत. एचआयव्ही, काविळीचे काही प्रकार असतील तरीही नकार मिळतो. आणि प्रत्यक्षात देह पोहोचवतात ते घरचेच. अर्ज कपाटात आणि मुलांना पत्ताच नाही, अशा वेळी ती इच्छा तिथेच थांबते. सही करताना मुलगा, सून, मुलगी जवळ असली पाहिजेत.