जुनी पिकअप खाली घ्यायची असेल तर

“मागून फार उंच झालीय, थोडी खाली घ्या, पण खर्च बेताचा ठेवा.” आमच्याकडे असं सांगत येणाऱ्या गाड्या बहुतेक निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागातल्या शेतमालाच्या असतात. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या जास्त भरता याव्यात म्हणून कधीतरी मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटे (पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या) टाकलेले असतात. मग रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्यात उडते आणि माल चढवायला फाळका छातीशी येतो.

अशा गाडीला कुठलंही किट लागत नाही. जादा पाटे काढले, बुश आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे टाकले की ती कंपनीच्या उंचीवर येते. यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित उपाय नाही, म्हणून आम्ही आधी पाटे मोजतो आणि मगच पैशांचं बोलतो. मात्र त्यानंतर माल आरसीवरच्या वजनाइतकाच भरायचा. तसंही जादा पाट्याने ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेकची ताकद वाढलेली नव्हतीच.

गॅसने पाटा तापवून कमान उतरवणं किंवा पुढची कॉइल स्प्रिंग कापणं ही कामं आमच्याकडे होत नाहीत, कितीही स्वस्त पडली तरी. तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि भरल्या गाडीत पाटा तिथेच बसतो किंवा तुटतो. गाडी खाली घ्यायला पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये घालायचे लोखंडी ब्लॉक बाजारात मिळतात, त्यांचंही नीट समजून घ्या. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर मध्ये ब्लॉक घातल्याने गाडी खाली येत नाही, आणखी वर जाते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चॅसीकडे एक बारीक दांडी गेलेली दिसते. तिच्या वरच्या टोकाला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चॅसी ॲक्सलच्या जवळ आली की गाडी भरली असं धरून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी नुसती खाली घेतली आणि दांडी तशीच ठेवली, तर पावसात कसारा घाट उतरताना रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन शेपूट फिरू शकतं. जादा पाटे टाकताना कुणी दांडी त्या उंचीला जुळवली असेल, तर पाटे काढल्यावर ती मूळ मापावर आणावीच लागते. ही तपासणी आम्ही कधीच गाळत नाही, तुम्ही घाई केली तरी.

पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असेल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवून उंची जुळवता येते. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट हवंच, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

कंपनीच्या उंचीखाली गाडी नेण्याचं काम आम्ही घेत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी रिकामी आणा, टायरमध्ये हवा बरोबर भरून. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं चारही बाजूंचं माप तुमच्यासमोर घेऊ, कामानंतर पुन्हा घेऊ आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून देऊ. काही दिवस गाडी चालवल्यावर यू बोल्ट पुन्हा कसून घ्यायला या. त्याचे पैसे नाहीत.