स्टेशनरी : मूळ एक, स्पेलिंगं दोन

शाळेजवळच्या दुकानावर ‘बुक्स अँड स्टेशनरी’ अशी पाटी असते. देवनागरीत प्रश्नच येत नाही. इंग्रजीत रंगवताना मात्र शेवटी ‘ईआरवाय’ की ‘एआरवाय’, इथं घोळ होतो. ‘ई’ लिहिला तर वह्या-पेनं, ‘ए’ लिहिला तर एका जागी थांबलेलं. सहावीत मी ‘ए’ लिहिला होता. वहीत लाल गोल पडला, दहा वेळा लिहून आणायची शिक्षाही मिळाली, पण फरक का, ते कोणी सांगितलं नाही. कारण समजलं असतं तर एकदाच लिहून भागलं असतं.

मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ. जत्रेत माल मांडायचा, आवरायचा, पुढच्या गावाला निघायचं. हातानं नकलून घेतलेली पुस्तकं विकणारे मात्र विद्यापीठांच्या आसपास कायमचं दुकान थाटून बसत. अशा ठिय्या मांडलेल्या दुकानदाराला लॅटिनमध्ये ‘स्टेशनारियस’ म्हणत, इंग्रजीत तो झाला ‘स्टेशनर’. लंडनच्या स्टेशनरांचा संघ १४०३ साली उभा राहिला, त्याला राजाज्ञेची सनद मिळाली १५५७ मध्ये. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. म्हणून तिच्यात दुकानदाराचा ‘ईआर’ आहे. ‘ए’वाला शब्द थेट लॅटिन विशेषणावरून आला. दोघांच्या मुळाशी ‘उभं राहणं’ हा एकच धातू, आणि तो आपल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ. स्थिर, स्थान, एसटीचं स्थानक ही सगळी त्याच घरातली.

गोंधळात टाकणाऱ्या बऱ्याच जोड्या अशाच एका पोटच्या आहेत. धातू या अर्थाचा ‘मेटल’ आणि जिद्द या अर्थाचा ‘मेटल’ मुळात एकच शब्द. स्पेलिंग नंतर फुटलं.

मला सर्वांत आवडते ती फुलाची आणि पिठाची जोडी. दळण चाळल्यावर जो बारीक, उत्तम भाग हाती येतो तो म्हणजे धान्याचं ‘फूल’. फ्रेंचमध्येही तसंच म्हणत. त्यामुळे इंग्रजीत पीठ कितीतरी काळ फुलाच्याच स्पेलिंगनं लिहिलं जाई. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पिठाला वेगळी नोंदच नाही. ते फुलाच्या नोंदीतच एक अर्थ म्हणून सापडतं.