कॉलेजच्या कोर्टावरून व्यावसायिक टेनिसकडे: सोमदेवने रुळवलेली वाट

सप्टेंबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बील इथे दक्षिणेश्वर सुरेश डेव्हिस करंडकात भारताकडून पहिल्यांदा उतरला आणि त्याने जेरोम किमला सरळ सेटमध्ये हरवलं. भारताने ती लढत ३-१ अशी जिंकली. युरोपातल्या संघाला त्याच्या घरी हरवण्याची १९९३ नंतरची ही पहिलीच वेळ. इतके दिवस हा मुलगा होता कुठे, असं अनेकांना वाटलं असेल. तो अमेरिकेत, वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संघात घडत होता.

ही वाट मुळात अमेरिकी. आर्थर ॲश १९६५ मध्ये यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना आंतरविद्यापीठ, म्हणजे एनसीएए, एकेरीचा विजेता होता. तीन वर्षांनी त्याने अमेरिकन ओपन जिंकली. जॉन मॅकेन्रो तर १९७७ मध्ये पात्रता फेरीतून येऊन विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि त्यानंतर स्टॅनफर्डमध्ये दाखल झाला! पुढच्या वर्षी एनसीएए एकेरीचं विजेतेपद घेऊन मगच तो व्यावसायिक झाला. पण १९८५ मध्ये सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने विम्बल्डन जिंकल्यावर हवा बदलली. अठराव्या वर्षी जो व्यावसायिक स्पर्धांच्या सर्किटवर नाही तो मागे पडला, असं मानलं जाऊ लागलं.

भारतीयांच्या मनातला तो समज सर्वांत जोरात हलवला सोमदेव देववर्मनने. गुवाहाटीत जन्मलेला, चेन्नईत घडलेला हा मुलगा व्हर्जिनिया विद्यापीठात गेला आणि लागोपाठ तीन वर्षं एनसीएएची अंतिम फेरी खेळला. २००६ मध्ये हरला. २००७ चा अंतिम सामना जॉर्जिया विद्यापीठाच्या, अमेरिकेतल्याच अथेन्स गावातल्या कोर्टावर होता आणि समोर त्याच विद्यापीठाचा जॉन इस्नर. सहा फूट दहा इंच उंची, तोफेसारखी सर्व्हिस आणि अख्खं स्टेडियम त्याच्या बाजूने. सोमदेवने तो सामना ७-६, ४-६, ७-६ असा जिंकला. स्वतःची सर्व्हिस साधी असलेल्या खेळाडूने इस्नरविरुद्ध दोन टायब्रेकर काढावेत, ही गोष्ट मला आजही थक्क करते. २००८ च्या हंगामात त्याने ४४ सामने जिंकले, एकच गमावला, आणि विजेतेपद राखलं.

जानेवारी २००९ मध्ये चेन्नई ओपनमध्ये त्याला वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांकडून खास प्रवेश मिळाला. त्याने तिथे दोनदा जिंकलेल्या कार्लोस मोयाला आणि मग इवो कार्लोविचला हरवून थेट अंतिम फेरी गाठली. तिथे मारिन चिलिचने त्याला रोखलं. पुढच्या वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण मिळालं, आणि दुहेरीचंही. दुहेरीतला जोडीदार सनम सिंग हासुद्धा व्हर्जिनियाचाच. जुलै २०११ मध्ये सोमदेव जागतिक क्रमवारीत ६२ व्या स्थानी होता. नंतर खांद्याच्या दुखापतीने घात केला, पण तोवर वाट रुळली होती.

कॉलेज नेमकं देतं काय? मुख्य म्हणजे वेळ. सर्किटच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत एकूण बक्षीस १५,००० डॉलर, त्यातले विजेत्याच्या हाती जेमतेम दोन-सव्वादोन हजार. पहिल्या फेरीत हरलेल्याचा हॉटेलचा खर्चही निघत नाही. विमानाचं तिकीट, प्रशिक्षक, फिजिओ सगळं घरच्यांच्या खिशातून. विद्यापीठात कोर्ट, जिम, प्रशिक्षक मिळतात आणि हातात पदवी पडते. शिवाय संघासाठी खेळण्याची सवय लागते. सहा एकेरी आणि दुहेरीचा एक मिळून सात गुण, चार आधी मिळवेल तो संघ जिंकला. बाजूच्या कोर्टावर मित्र हरत असताना आपला सामना ओढून काढावा लागतो.

मुलींना ही वाट जास्त सोयीची होती. अनेक वर्षं नियम असा होता की टेनिसच्या पुरुष संघाला साडेचार शिष्यवृत्त्या, महिला संघाला आठ. आपल्या ऋतुजा भोसलेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळूनच पुढची मजल मारली. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझू आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामना खेळताना पहिला सेट २-६ असा गेला होता. तिथून या जोडीने सुवर्ण खेचून आणलं.

पुण्याच्या बालेवाडीतही हे पीक दिसलं. चेन्नईची स्पर्धा २०१८ मध्ये इथे आली आणि २०१९ ला जिंकली ती इलिनॉय विद्यापीठातून आलेल्या केविन अँडरसनने. आधीच्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत त्याने इस्नरला साडेसहा तासांहून अधिक चाललेल्या सामन्यात, शेवटचा सेट २६-२४ असा घेत हरवलं होतं. दोघंही कॉलेजचे!

आता एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या संघटनेनेही कॉलेजची ही वाट मान्य केली आहे. २०२३ पासून कॉलेज क्रमवारीत वर असणाऱ्या खेळाडूंना चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालच्या स्पर्धांमध्ये थेट जागा दिल्या जातात. सोमदेवच्या वेळी अशी सोय नव्हती. २००८ च्या उन्हाळ्यात लेक्सिंग्टनची चॅलेंजर जिंकून त्याने वरची पायरी स्वतःच गाठली होती.