जस्त खतवापर (धान–गहू फेरपालट)

जमिनीतील जस्ताची उणीव भरून काढण्यासाठी खरिपातील धानाला किंवा त्यामागून येणाऱ्या गव्हाला जस्तयुक्त खत देण्याची पद्धत. व्यवहारात सर्वत्र ‘झिंक’ हाच शब्द रूढ आहे. पूर्व विदर्भात धानामागे गहू मुख्यतः पाण्याची सोय असलेल्या बांध्यांत (बांध घातलेल्या धानाच्या शेतांत), उदा. पेंच कालव्याखालील मौदा–रामटेक भागात, घेतला जातो. एरवी रोवणीच्या धानामागे लाखोळी (लाख डाळ), जवस, हरभरा किंवा पाणी मुबलक असल्यास उन्हाळी धान येते. त्यामुळे गंगेच्या मैदानावरून आलेल्या शिफारशी येथे जशाच्या तशा लागू करताना सावधगिरी हवी.

धानातील जस्त-उणिवेला ‘खैरा रोग’ म्हणतात. जंतू, बुरशी वा विषाणू यांपैकी काहीही कारणीभूत नसल्याने ‘रोग’ हा शब्द सैलच म्हणायचा. उत्तर प्रदेशाच्या तराई भागात (आता उत्तराखंड) पंतनगर येथे य. ल. नेने यांनी १९६५-६६ च्या सुमारास या विकाराचे कारण जस्ताची उणीव असल्याचे दाखवले. नावाचा संबंध पानांवरील काताच्या रंगाच्या ठिपक्यांशी, म्हणजे खैराच्या झाडाशी, लावतात. तो ग्राह्य मानण्यास हरकत नाही. पाकिस्तानातील ‘हड्डा’ आणि जपानमधील ‘आकागारे’चा दुसरा प्रकार हेही पुढे जस्त-उणिवेतच गणले गेले. यावरून विकार जुना आणि निदान नवे असावे, असे दिसते. रोवणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत कोवळ्या पानांच्या बुडाशी मध्यशीर फिकी पडते, खालच्या पानांवर तांबूस ठिपके येतात आणि बांधीत मधूनमधून खुजे पट्टे दिसतात. गव्हातील लक्षणे इतकी ठळक नसतात.

उणिवेचे मूळ पुष्कळदा जस्ताच्या एकूण साठ्यापेक्षा त्याच्या विद्राव्यतेत असते. चिखलणी करून पाणी साठवले की जमिनीतील प्राणवायू संपतो. आम्लधर्मी जमिनीचा सामू (पीएच) उदासीनतेकडे चढतो, बायकार्बोनेट वाढते आणि जस्त मुळांना सहज न मिळणाऱ्या रूपांत अडकते. चुनखडीच्या कन्हार (काळ्या, भारी) जमिनीत ही अडचण अधिक. भरमसाट स्फुरद (फॉस्फरस) दिल्यानेही उणीव बळावते. डीटीपीए पद्धतीने (याच नावाच्या रसायनाने मातीतून पिकाला मिळण्याजोगे जस्त काढून) मोजलेले जस्त दर किलो मातीत सुमारे ०·६ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरल्यास जमीन सामान्यतः उणी मानतात. मात्र हा आकडा पीक आणि जमिनीनुसार थोडा सरकतो.

प्रचलित मात्रा हेक्टरी २५ किलो (एकरी १०) झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट अशी आहे. त्यात २१ टक्के जस्त असते. ३३ टक्क्यांचे मोनोहायड्रेट असल्यास सुमारे १६ किलो पुरते. मात्रा धानाला द्यावी की गव्हाला, यावर मतभेद आहेत. खताचा अंश पुढील दोन-तीन हंगाम टिकत असल्याने चिखलणीच्या वेळी धानाला देऊन गव्हाला उरलेल्या अंशावर सोडणे सोयीचे ठरते. झिंक सल्फेट डीएपी या स्फुरदयुक्त खतात मिसळून टाकू नये. उभ्या पिकात उणीव दिसल्यास १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना मिसळून फवारतात. पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) मुळे पाण्यात कालवलेल्या २ टक्के झिंक ऑक्साइडच्या मिश्रणात बुडवून रोवण्याचीही पद्धत आहे. तिला जस्त फार थोडे लागते.

भेसळ हा या खताचा जुना दोष. दिसायला सारखे आणि स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट त्यात मिसळले जाते. झिंक सल्फेटच्या द्रावणात डीएपीचे द्रावण ओतल्यास दाट गाठाळ साका बसतो. निव्वळ मॅग्नेशियम सल्फेटमध्ये तसा साका धरत नाही. ही चाचणी शेतावरही करता येते.

दाण्यातील जस्त वाढवणे हा निराळा विषय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस ४०२८ या बन्सी गव्हात सुमारे ४० पीपीएम (दर किलोत ४० मिलिग्रॅम) जस्त असते. ही जात मात्र कोरडवाहू व मर्यादित ओलितासाठी आहे.