शिट्टीची दारू

शिट्टीची दारू : नळीत ठासून पेटवली असता तीक्ष्ण शिट्टीसारखा सूर काढत जळणारे शोभेच्या दारूचे मिश्रण. दिवाळीत किंचाळत वर जाणाऱ्या बाणांत ते असते. त्या नळीला बासरीसारखी भोके नसतात, पिपाणीसारखी पत्तीही नसते. एक तोंड बंद, दुसरे उघडे आणि तळाशी घट्ट बसलेली भुकटी, एवढ्यावरच सूर निघतो. गाते ती दारूच.

हे मिश्रण एकसारखे जळत नाही. ते थराथराने, सेकंदाला हजारो वेळा धक्के देत जळते. प्रत्येक धक्क्याची दाबलहर नळीच्या उघड्या तोंडाशी जाते, तिथून उलटून परत जळत्या पृष्ठभागावर येते आणि पुढच्या धक्क्याची वेळ ठरवते. दाब वाढला की ज्वलन भडकते, उतरला की मंदावते. अशा रीतीने ज्वलन आणि नळीतला वायुस्तंभ एका ठेक्यात येतात. संशोधक डब्ल्यू. आर. मॅक्सवेल यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या शिट्ट्यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. वारंवारता नळीच्या रिकाम्या भागाच्या लांबीवर अवलंबून असते, हे त्यातून दिसले.

नळाखाली कळशी लावली की ती भरत येईल तसा आवाज बारीक होत चढतो, आणि स्वयंपाकघरातले माणूस मागे वळून न बघता नळ बंद करायला उठते. आतली हवेची जागा आखूड होत गेल्याचा तो परिणाम. शिट्टीत नेमके उलटे घडते. दारू जळून संपत जाते, रिकामी जागा लांबते आणि सूर उतरत येतो. एका बाजूने बंद नळीत ध्वनिलहरीची लांबी नळीच्या चौपट असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर २ सेंमी. रिकाम्या नळीत सुमारे ४,२५० हर्ट्झचा आणि ५ सेंमी. नळीत १,७०० हर्ट्झचा सूर मिळतो. प्रत्यक्षात आतले वायू तापलेले असल्याने आकडे बदलतात, उतरण मात्र तीच राहते. बाण दूर जातो म्हणून सूर उतरतो, असे अनेकांना वाटते. त्याचा थोडा वाटा असतोही. पण जमिनीवर रोवलेल्या शिट्टीचा सूरही उतरतो. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणून ही शिट्टी गल्लीच्या टोकालाही टोचते.

आजच्या मिश्रणात मुख्यतः दोन पदार्थ असतात. पोटॅशियम परक्लोरेट ऑक्सिजन पुरवते. सोडियम किंवा पोटॅशियम बेंझोएट, नाहीतर सोडियम सॅलिसिलेट, हे इंधन. बेंझोएट आणि सॅलिसिलेट दोन्हींत सहा कार्बनचे बेंझीन कडे आणि त्याला जोडलेला कार्बॉक्सिल गट असतो. अशा क्षारांचे ज्वलन दाबाला चटकन प्रतिसाद देते, ही त्यांची खुबी. सोरा, गंधक आणि कोळशाची दारू, म्हणजे काळी दारू, त्याच नळीत नुसती फुसफुसते. सोडियम बेंझोएट हवेतली ओल ओढते, म्हणून पोटॅशियमचा क्षार पसंत करतात. (सॉस आणि सरबते टिकवायला घालतात तेच हे सोडियम बेंझोएट.) मागे राहणाऱ्या पांढऱ्या धुरात पोटॅशियम क्लोराइडचे कण असतात.

पूर्वी पोटॅशियम पिक्रेट वापरत. ते स्वतःच स्फोटक. त्यानंतरच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट आणि गॅलिक आम्ल असे. गॅलिक आम्ल मायफळात, आवळ्यात आणि हिरड्यात सापडते. साताऱ्याच्या महाबळेश्वर, जावळी, पाटण भागातल्या डोंगरात ज्याची झाडे आहेत, तोच हा हिरडा. खोकल्यावर चघळायचा हिरडा आणि आभाळातली शिट्टी यांचे रसायन असे शेजारी निघते, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

सांगली जिल्ह्यात दारूकामाची मोठी परंपरा तासगाव तालुक्यातील कवठे एकंद येथे आहे. दसऱ्याच्या रात्री श्री सिद्धराजाच्या पालखीपुढे औट, शिंगटे, झाडकाम अशा दारूकामाच्या प्रकारांची आतषबाजी होते. दारू कुटणे, चाळणे, ठासणे ही कामे तिथल्या पिढ्यांच्या हातात मुरलेली आहेत. ती परंपरा सोरा-गंधक-कोळशाच्या दारूवर उभी राहिली. शिट्टीची दारू हा कारखानदारीच्या काळातला प्रकार.

शिट्टीची दारू काळ्या दारूपेक्षा बरीच घातक असते. घर्षणाने, ठोक्याने ती पेटू शकते. नीट दाबलेली असेल तर ती थराथराने जळते. सैल राहिली किंवा तिला तडा गेला, तर ज्वाला आत शिरते आणि नळीच फुटते. कवठे एकंदने काळ्या दारूच्या कामातही स्फोटांत माणसे गमावली आहेत. क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या मिश्रणावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. पाडव्याच्या सकाळी मुले न उडालेले बाण वेचून त्यांतली दारू कागदावर काढतात. शिट्टीच्या बाणाची दारू अशी मोकळी झाली की तिला दाबून ठेवणारे काही उरत नाही, आणि काडी लावताच ती एकदम भडकते. तसा बाण सापडला तर तो न उकलता पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा.