फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा टाकावा का?

फोर-बाय-फोर गाडीला जादा दिवे बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो: ‘१५ अँपिअरचा फ्यूज उडत असेल तर ३०चा टाका, प्रश्न मिटला.’

सल्ला पटतो, कारण दिवे खरंच लागतात. पण फ्यूज असतो वायरच्या रक्षणासाठी, दिव्याच्या नव्हे. हिशोब करू. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट. १२ व्होल्टला भागले की १० अँपिअर. त्याला १५चा फ्यूज पुरतो. तरीही तो उडतोय म्हणजे जास्तीचा करंट कुठेतरी जातोय. ३०चा टाकला तर १५च्या हिशोबाने घेतलेली वायर आधी तापते, इन्शुलेशन वितळतं, आणि फ्यूज मात्र शाबूत!

तपासणी सोपी आहे. दिव्यांचे कनेक्टर काढा, १५चाच नवा फ्यूज लावून स्विच दाबा. तरीही उडाला तर वायर गाडीच्या बॉडीला टेकून शॉर्ट होतेय. बॉनेटमधून केबिनमध्ये जाताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या धारेपासून वायर वाचवणारी रबराची कडी) आहे का, हे आधी बघा. बहुतेक वेळा तिथेच वायर सोललेली सापडते. नाही उडाला, तर दिवे एकेक करून जोडा; जो जोडल्यावर उडेल, दोष त्या दिव्यात.

आणि फ्यूज बॅटरीजवळच हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कुणीच वाली नसतो.