आधी पाणी, मग तेल

एनसीसीच्या कॅम्पात फायरिंग संपलं की लंगरातून ॲल्युमिनियमची मोठी किटली यायची. पहिल्या वेळी आम्हाला वाटलं, चहा आला. उस्तादांनी ती रायफलच्या नळीत ओतली. मागून वाफाळतं पाणी शिरलं आणि पुढून काळपट होऊन बाहेर पडलं. "पहले पानी, बाद में तेल," एवढंच स्पष्टीकरण मिळालं. पुण्यातला ऑगस्ट, रेंजवर चिखल. एकदा कंटाळून मी पाण्याला बगल दिली, पुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) चिंदी बांधून तेलाचे दोन हात मारले आणि थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफल कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, जमा केली. चौथ्या दिवशी नळीतून उजेडाकडे पाहिलं, तर आत तांबूस साय धरलेली. त्यानंतर तीच रायफल डोक्यावर धरून मैदानाला किती फेऱ्या मारल्या, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

पाणी घातलेल्या रायफली कोऱ्या करकरीत आणि तेल पाजलेली गंजलेली, हा उलटा न्याय मला कळायला पुढे बरीच वर्षं गेली. दोष ना तेलाचा होता ना बारुदाचा. तो होता काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान टोपीचा.

घोडा ओढला की पिन या टोपीवर आदळते आणि आतलं मिश्रण पेटतं. जुन्या लष्करी काडतुसांत या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात. ते सोडून देऊन ते आग भडकवतं. मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिठाचा सख्खा भाऊ. दर गोळीमागे त्याचा बारीक फवारा नळीच्या पोलादावर बसतो. फार वर्षं सैन्यातले लोक गंजाचं खापर जळालेल्या कॉर्डाइटच्या (काडतुसातल्या बारुदाच्या) आम्लावर फोडत. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी १९२०च्या सुमारास खरा चोर पकडला, तो हे मीठ.

पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, तसंच हेही. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की पोटॅशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. पुण्यातल्या श्रावणातल्या सकाळी एवढी आर्द्रता नेहमीचीच. मग पोलादावर खारट पाण्याचा अदृश्य थर बसतो. त्यातले क्लोराइड आयन लोखंडावरचं पातळ संरक्षक कवच फोडतात आणि वाईट म्हणजे या कामात ते स्वतः खर्ची पडत नाहीत, तेच आयन पुन्हा पुन्हा कामाला लागतात. मीठ तेलात विरघळत नाही. म्हणजे मी तेल लावून मीठ पुसलं नव्हतं, त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. पाण्यात मात्र ते सहज विरघळतं: २० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३४ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ५६. शिवाय उकळत्या पाण्याने नळी इतकी तापते की उरलासुरला ओलावा आपोआप उडून जातो. किटलीमागचं सगळं शास्त्र एवढंच.

ही काडतुसं आपल्या दाराशीच बनत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर दिसणारी 'के एफ' ही अक्षरं म्हणजे 'कर्की फॅक्टरी'. रायफल येई बंगालातल्या इछापूरहून. १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेला ली-एनफील्डचा नमुना तिथे कितीतरी दशकं घडत राहिला. दस्त्याच्या पुढच्या लाकडात आडवा मारलेला एक जादा स्क्रू ही इछापूरची खूण. आपल्या हवेत लाकूड चिरतं म्हणून तो आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी ही रायफल २०२०च्या प्रजासत्ताक दिनानंतर निवृत्त केली, यावरून तिचं आयुष्य मोजा.

इछापूरच्या बऱ्याच जुन्या रायफली अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या हाती गेल्या. तिकडे घट्ट वंगणात बुचकळलेली लष्करी रायफल आणायची, आठवडाभर तिची चरबी उतरवायची आणि गॅरेजमध्ये मिरवायची, हा रीतसर छंद आहे. आपल्याकडे लष्करी बोअरचं (नळीच्या मापाचं) हत्यार साध्या परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे परवानाधारकांसाठी इछापूरने .३१५ची वेगळी रायफल काढली. शस्त्र कायद्यात परवान्यातून सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्यापान्या हत्यारांना. म्हणजे इथला संग्राहक विचित्र पेचात असतो: वस्तू जपायची, पण ती चालू करायची नाही. माझ्या मते हा पेच चांगलाच आहे. चालू करण्याच्या नादात लोक जुन्या वस्तूची जितकी वाट लावतात, तितकी गंजही लावत नाही.

सदाशिव पेठेतल्या माझ्या एका मित्राच्या घरी पणजोबांची ठासणीची बंदूक आहे, परवान्यासकट. गेल्या दिवाळीत त्याने फोन केला, "तांब्या-पितळेबरोबर हिलाही पितांबरीने घासू का रे?" मी पळत गेलो. पहिली भीती वेगळीच होती. ठासणीच्या बंदुका कधी कधी भरलेल्याच राहून जातात आणि काळी बारूद कोरडी असेल तर शंभर वर्षांनीही पेटते. गज नळीत सोडून तोंडाशी खूण करायची, मग बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून पाहायचं, की तळ गाठला की मध्येच काही अडतंय. अडलं असतं, तर पुढे बोट न लावता परवानाधारक शस्त्र-कारागिराकडेच न्यावी लागली असती. सुदैवाने रिकामी निघाली.

मग गंज. तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो: तो पाणी धरून ठेवतो आणि खाली खात राहतो. काळा, घट्ट बसलेला थर म्हणजे मॅग्नेटाइट. तो उलट लोखंडाला झाकतो. आता गंमत बघा. तांबडा गंज आलेलं पोलाद शुद्ध पाण्यात उकळलं, की तो गंज हळूहळू काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. उकळत्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे नवा तांबडा गंज धरायला वाव मिळत नाही. जुने कारागीर मुद्दाम गंज चढवून, उकळून, भुसा झाडून, पुन्हा गंज चढवून नळीला तो निळसर काळा रंग आणत. पुन्हा किटलीच.

सुटी नळी उकळायला आमच्याकडे तेवढं लांब भांडं नव्हतं. मग हिरडा आठवला. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई आपल्या पोथ्यांत अजून टिकून आहे. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला धरून काळं, न विरघळणारं संयुग बनवतं. संग्रहालयांतले संवर्धक गंजावर टॅनिक आम्ल लावतात, ते याच कारणासाठी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला हिरडा मंडईत मिळतोच. पण काढ्यात आणखी काय काय उतरतं याचा नेम नाही, म्हणून आम्ही दुकानातून शुद्ध टॅनिक आम्लच आणलं, आधी दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर लावून पाहिलं, आणि वर मेणाचा पातळ हात दिला. दस्त्याला जवसाचं तेल. ते वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सोडतं. तेलकट फडकी चुरगळून टाकली तर आपोआप पेटू शकतात. ती आम्ही गच्चीवर दोरीला पसरून वाळवली.

मित्राची आई खालून ओरडली, "अरे, सणासुदीला गच्चीवर चिंध्या कसल्या वाळत घातल्यात?" बंदूक अजूनही काळपटच आहे. पाहुणे विचारतात, घासली नाही का.